लॅबचं सॉफ्टवेअर घरून चालतं का?

प्रश्न : दादा, मी अक्कलकोटहून रोज एसटीनं सोलापूरला इंजिनिअरिंगला येते, लॅब पाचला बंद होते आणि माझ्या 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मॅटलॅब हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर उघडता उघडता मशीन हँग होतं. घरून लॅबचा कॉम्प्युटर वापरता येईल का?

उत्तर : येतो की! रिमोट डेस्कटॉपमध्ये, म्हणजे लांबचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून चालवताना, सगळं काम लॅबच्या मशीनवर होतं, तुझ्याकडे फक्त स्क्रीनचं चित्र येतं, म्हणून जुना लॅपटॉपपण चालतो. पण आधी कॉलेजनं व्हीपीएनचं, म्हणजे बाहेरून कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेचं, लॉगिन द्यायला पाहिजे आणि तिकडचं मशीन चालू राहायला पाहिजे, म्हणून चारपाच जणींनी मिळून लॅब इन्चार्ज सरांकडे लेखी अर्ज द्या, नुसतं तोंडी सांगून होत नाही.

एक महत्त्वाचं. काम झालं की खिडकीची फुली दाबून उठू नकोस, स्टार्टमध्ये जाऊन साइन आउट कर, नाहीतर तुझं सेशन आत तसंच चालू राहतं आणि दुसऱ्या पोरीची अडचण होते. फाइल आपल्या ड्राइव्हवर टाक.

तोवर ऑक्टेव्ह हे मॅटलॅबसारखंच सॉफ्टवेअर वापर, फुकट आहे आणि मॅटलॅबचा बराचसा कोड त्यात तसाच चालतो. एसटीत बसून डोळे चोळत असाइनमेंट लिहिणाऱ्या पोरींसाठी कॉलेजांनी एवढं करायलाच पाहिजे.