खानापुरात बांबूची फरशी? जरा दमानं

घर खानापुरात म्हटल्यावर पहिला प्रश्न फरशीचा नाहीच ओ, ओलीचा आहे. पावसाळ्यात आमच्याकडं कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते. म्हणून आधी खालचा कोबा पूर्ण वाळू दे. मी पहिल्या खोलीत घाई केली. फळ्या फुगून मधेच उचलल्या आणि गणपतीला आलेले पाहुणे ठेचकाळत राहिले.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- फळ्या बसवायच्या खोलीतच आधी किमान 3 दिवस ठेवा.
- भिंतीकडेनं साधारण 10 मिलिमीटर फट सोडा. वरून पट्टी येते, दिसत नाही.
- फडकं घट्ट पिळूनच पुसा. बादली ओतून धुणं बंद. (घरच्यांना हे पटवणंच सगळ्यात अवघड.)

बांबू 3 ते 5 वर्षांत तोडणीला येतो, म्हणून पर्यावरणाच्या दृष्टीनं सागवानापेक्षा बरा. पण फळ्या चिकटवायला गोंद कोणता वापरलाय ते विचारा. फॉर्मल्डिहाइड (गोंदातून घरातल्या हवेत सुटणारा घातक वायू) कमी असलेलाच घ्या. लिनोलियम बघत असाल तर जपून. खरं लिनोलियम जवसाच्या तेलाचं असतं, पण त्याच नावाखाली व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिक, गळ्यात मारतात.

मोरीजवळ आणि न्हाणीत मात्र आपली शहाबादीच. आधी एकच खोली करा, एक पावसाळा जाऊ दे. पॉलिशचं नंतर बोलू.