मैमंदची लोकसंख्या: कोणत्या महिन्यातली?

प्रश्न : इराणमध्ये खडकात कोरलेल्या घरांचं मैमंद नावाचं फारसीभाषक खेडं आहे, असं कळलं. ते नेमकं कुठे आहे? तिथे माणसं किती राहतात? मी नकाशात शोधलं तर ते शिराजच्या बाजूला दिसलं. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुम्हाला सापडलं ते दुसरंच मैमंद. ते फार्स प्रांतातलं, गुलाबपाण्यासाठी नावाजलेलं, आणि खेडं नव्हे, चांगलं शहर आहे. तुमचं मैमंद केरमान प्रांतात. शहर-ए-बाबक गावापासून ईशान्येला पस्तीसेक किलोमीटर गेलात की एका दरीच्या टोकाशी लागतं. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर, तेव्हा थंडी कडक आणि पाऊस जेमतेम.

माणसं किती, याचं उत्तर काही शेकडे. पण खरं सांगू? तो आकडा ऐकून मैमंद कळत नाही. आधी महिना विचारायला हवा.

हे लोक शेळ्यामेंढ्या पाळतात, थोडी शेती-बागायत करतात, आणि वर्षातून तीन ठिकाणी राहतात. हिवाळा सरता सरता कळपाबरोबर माळावरच्या ‘सर-ए-आगोल’ वस्त्यांवर जातात. तिथे वाऱ्यापासून बचाव म्हणून राहायचं घर जमिनीत खोलगट केलेलं असतं. दूधदुभत्याची खोली मात्र जमिनीवर, नुसते दगड रचून उभारलेली, म्हणजे फटींतून वारा खेळतो आणि दही-लोणी उन्हात नासत नाही. (मातीचा गिलावा न करण्यामागे एवढा विचार असतो!) उन्हाळ्यात मुक्काम हलतो तो हंगामी ओढ्यांकाठच्या ‘सर-ए-बाग’ वस्त्यांवर. कोरलेल्या घरांत माणसं परततात ती थंडी पडू लागल्यावर.

आपल्याकडे मेंढरं घेऊन घाट उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्याची शिरगणती करायची तर असाच घोळ होईल. इराणच्या २००६ आणि २०११ च्या जनगणना ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झाल्या, म्हणजे मैमंदची मंडळी खाली येण्याच्या सुमारास. त्यामुळे तिथला जनगणनेचा आकडा भरल्या गावाचा समजावा, असं मला वाटतं. मे महिन्यात गेलात तर त्या आकड्यातली बरीच माणसं तुम्हाला गावात भेटायची नाहीत.

आता घरांविषयी. तिथला खडक मऊ. त्यात एकावर एक अशी काही ठिकाणी पाच मजल्यांपर्यंत घरं खोदली आहेत. घराला ‘कीचे’ म्हणतात. अशी सुमारे ४०० मोजली गेली, त्यांतली १२३ धड उरली आहेत. आत चूल पेटवून पेटवून भिंती काजळीने काळ्या झालेल्या. २०१५ साली युनेस्कोने मैमंदला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही नुसत्या गुहांसाठी नव्हे. माळ, बागा आणि ही सगळी ये-जा धरून. हे मला योग्य वाटतं, कारण रिकाम्या गुहा काय, जगात पुष्कळ आहेत.

जायचा विचार असेल, तर घरांतून धूर निघताना पाहायला डिसेंबर-जानेवारी गाठा. लोकरीचे कपडे घ्या. कळप पाहायचे असतील तर वसंतात जा, पण मग गावात न थांबता माळाची वाट धरा. आणि गाडीवाल्याला नुसतं ‘मैमंद’ सांगू नका. ‘शहर-ए-बाबकचं मैमंद’ म्हणा, नाहीतर तो तुम्हाला गुलाबपाण्याच्या दुकानासमोर उतरवेल.