रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०वर म्हापसा ते पुणे : टाकी पुरेल का, पाठ टिकेल का?

वाटेत एकदा भरली की टाकी पुरेल, आधी बसकण जाईल. डिचोलीहून चोर्ला घाटाने बेळगाव, मग कोल्हापूर, सातारा असे साडेचारशेच्या आसपास किलोमीटर होतात. टाकी १३ लिटरची. लिटरला ३५ धरले तर कागदावर ४५५ भरतात, पण त्या कागदावर जाऊ नका. हायवेवर ८०च्या पुढे गेलात की वाऱ्याचा रेटा वाढतो आणि ॲव्हरेज सरळ खाली येतं. त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, त्यात ऊर्जाच कमी. मी अडीचशे-पावणेतीनशेला पुन्हा भरतो. साखळीला टाकी फुल करून घाट चढा, पुढची कोल्हापूरला.

आता पाठ. लोक महागडं जेल सीट घेतात आणि जाड शिवणीची जीन्स घालून बसतात! पहिल्या खेपेला मीही तेच केलं. निपाणीला चहा उभ्याउभ्याच प्यालो. शिवण नेमकी बसण्याच्या हाडाखाली येते. सायकलवाल्यांची पॅडवाली चड्डी आतून घाला, स्वस्तातलं काम. दर तासाला उतरून पाच मिनिटं चालायचं, दुखायला लागायच्या आधी. बॅग पाठीवर नको, मागच्या सीटवर बांधा. खांदे तिथेच जातात.

कानात फोमचे बोळे घाला. वाऱ्याच्या आवाजानेही माणूस दमतो, हे फार उशिरा कळलं.

पावसाळ्यात मात्र चोर्ल्यात धुकं इतकं दाटतं की पुढची गाडी दिसत नाही. तेव्हा उजाडल्यावरच निघा.