टीएमएस-टीडीसीएस करायचं का? आधी फिट्सची वही काढा

ताई, तुमचा मुलगा ८ वर्षांचा, अपस्मारासाठी तिसरं औषध चालू, तरी आठवड्याला चार-पाच फिट्स. आता कुणीतरी 'डोक्यावर मशीन लावायचं, चिरफाड नाही, दुखत नाही' असा उपचार (टीएमएस किंवा टीडीसीएस, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकाने किंवा सौम्य विजेने मेंदूवर परिणाम करणं) सुचवलाय आणि करून बघावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलीला टीडीसीएस दिलेलं आहे. त्यामुळे खाली लिहितोय त्यातलं थोडं वाचलेलं आणि बरंचसं भोगलेलं आहे. मी डॉक्टर नाही, एवढं धरून वाचा.

माझं थेट मत असं, की करायला हरकत नाही, पण तुमच्या मुलाची आत्ता ती पाळी आलेली दिसत नाही. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या अपस्मारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या २०१० च्या व्याख्येनुसार, नीट निवडलेली आणि पुरेशा डोसात दिलेली दोन औषधं लागू पडली नाहीत की त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात. तिसरं, चौथं, पाचवं करत बसण्यात किती अर्थ आहे हे क्वान आणि ब्रॉडी यांच्या २००० सालच्या अभ्यासात दिसतं: नव्याने उपचार सुरू केलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या, दुसऱ्या-तिसऱ्याने मिळून आणखी १४ टक्के, आणि त्यातही तिसऱ्याचा वाटा अगदीच किरकोळ.

म्हणून न्यूरॉलॉजिस्टना हे विचारा: मेंदूच्या सर्जरीसाठी (फिट जिथून सुरू होते तो भाग काढण्यासाठी) पूर्ण तपासून 'होणार नाही' म्हटलंय, की अजून तपासलेलंच नाही? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तपासणी म्हणजे व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख आणि सोबत व्हिडिओ), अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने काढलेला एमआरआय, आणि तो वाचणारा त्यातला जाणकार. आमचा पहिला एमआरआय 'नॉर्मल' होता. त्या एका शब्दावर आम्ही दीड वर्ष काढलं. दुसऱ्यांदा नीट काढल्यावर, उजव्या हाताची हालचाल चालवणाऱ्या भागाला अगदी खेटून कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या वरच्या थराच्या, घडणीतला एक छोटा दोष सापडला. दिल्लीच्या एम्समधला २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: १८ वर्षांपर्यंतची ११६ मुलं. वर्षभराने, ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के फिट्समुक्त होती आणि फक्त औषधांवर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के. अर्थात ही सर्जरीला योग्य ठरलेली मुलं होती, सगळी नव्हेत. पण आपलं मूल त्यांत बसतं का, हे कळल्याशिवाय मशीनकडे वळू नये. कीटोजेनिक डाएटचंही (भरपूर स्निग्ध, अगदी कमी पिष्ट असा आहार) तसंच. २००८ च्या ब्रिटिश अभ्यासात तीन महिन्यांनी डाएटवरच्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त कमी झाल्या, नेहमीच्या जेवणावरच्या मुलांत ६ टक्के. करायला जिवावर येतं, पण पुरावा आहे.

आता मशीनबद्दल. टीएमएस १९८५ मध्ये शेफील्डला बार्कर यांनी दाखवलं. डोक्याला कॉइल टेकवून चुंबकीय ठोके देतात, त्यातून मेंदूच्या वरच्या थरात बारीक प्रवाह तयार होतो. सेकंदाला एक किंवा त्याहून कमी ठोके दिले तर तो भाग शांत होतो, म्हणून अपस्मारात हीच संथ गती वापरतात. प्रत्येक ठोक्याला 'टक्' असा मोठा आवाज येतो, मुलाच्या कानात बोळे हवेतच. टीडीसीएस त्यापेक्षा साधं: खारट पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, १ ते २ मिलिअँपिअर, साधारण २० मिनिटं. ऋण टोक फिट जिथून सुरू होते त्या जागेवर. म्हणजे जागा आधी माहीत हवी! ती ठाऊक नसताना कुणी स्पंज लावत असेल तर तो कुठे आणि का, हे विचारा. (लेनॉक्स-गॅस्टॉसारख्या, एका जागेपुरत्या नसलेल्या, मेंदूभर पसरलेल्या अपस्मारातही प्रयोग झालेत, पण ते छोटे आणि थोड्या आठवड्यांचे.)

आमच्याकडे हाताची ताकद जाण्याचा धोका होता म्हणून टीमने ऑपरेशन पुढे ढकललं आणि अभ्यासाचा भाग म्हणून टीडीसीएस मिळालं. पाणी मानेवरून ओघळायचं, आणि पहिला अर्धा मिनिट ती 'मुंग्या चावतायत' म्हणून कुरकुरायची. गंमत अशी, की अभ्यासात तुलनेसाठी काहींना जो खोटा उपचार देतात त्यातही सुरुवातीला एवढाच प्रवाह देऊन बंद करतात, म्हणजे कुणाला काय मिळालं ते मुलालाही कळत नाही, आईबापालाही नाही.

पहिल्या पंधरवड्यात फिट्स ११ वरून ४ वर आल्या. घरात आनंदीआनंद. मग मी वही उघडली. तारीख, वेळ, किती सेकंद, झोपेत की जागेपणी, ताप होता का, गोळी चुकली का, असं सात महिने लिहिलेलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, काहीही नवं केलेलं नसताना, १२ वरून ५ झालेल्या. फिट्सना भरती-ओहोटी असते आणि आपण नवा उपाय शोधायला धावतो ते नेमके भरतीत, त्यामुळे नंतरच्या ओहोटीचं श्रेय मशीनला जातं. चार महिन्यांचा हिशेब मांडला तेव्हा फरक होता, पण थोडा. ईईजीवरचे स्फोट (फिट नसतानाही आलेखात दिसणारे विजेचे अचानक झटके) मात्र स्पष्ट कमी झाले होते.

अभ्यासांतही तेच दिसतं. २०१३ मध्ये थायलंडमध्ये ३६ मुलांना १ मिलिअँपिअर, २० मिनिटं, एकदाच दिलं. ईईजीवरचे स्फोट दोन दिवस कमी राहिले, महिन्याने फिट्समधली घट मात्र नगण्य. टीएमएसच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनेही असंच म्हटलंय: स्फोट कमी होतात, फिट्स कमी होतात याचा पुरावा तोकडा. कागदावरच्या रेषा सुधारल्या म्हणजे मूल सुधारलं असं नाही, क्लिनिकने ईईजी दाखवून खूश केलं तर हे आठवा. कानावरून किंवा कपाळावरून नसांना उत्तेजना देणारी यंत्रंही आहेत, त्यांत मी पडलो नाही.

धोक्याचं बघा. टीएमएस चालू असताना अपस्माराच्या रुग्णांत साधारण शंभरात एक ते तीन जणांना फिट येते, बहुधा नेहमीसारखीच. म्हणजे फिट आवरण्याची सोय जिथे आहे तिथेच करायचं. डोक्यात शंट (पाणी काढणारी नळी) किंवा रक्तवाहिनीवरची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी बसवलेलं यंत्र), छातीत व्हीएनएस (मानेतल्या नसेला उत्तेजना देणारं यंत्र) असेल तर आधी सांगा. टीडीसीएसमध्ये खाज, लाली. स्पंज सुकला तर चक्क भाजतं. मुलांची कवटी पातळ असल्यामुळे तोच प्रवाह मेंदूत मोठ्यांपेक्षा जास्त पोचतो, मोठ्यांचा डोस उचलून लावायचा नाही. ऑनलाइन किट मागवून घरी तर अजिबात नको. आणि कुणी 'हे सुरू करतोय, तर गोळ्या कमी करू' म्हणालं, तर तिथून उठा.

पुढच्या भेटीपर्यंत आजपासून वही सुरू करा, शक्य तेव्हा फिटचा व्हिडिओही घ्या, त्यातून डॉक्टरांना बरंच कळतं. जुन्या एमआरआयचा रिपोर्ट नव्हे, मूळ फोटोंची सीडी सोबत न्या. माझ्या वहीच्या एका पानाचा नमुना हवा असेल तर सांगा, टाकतो.