सिंदेवाहीत (जि. चंद्रपूर) नवी नोकरी, एकटीने राहायचंय. खोली कुठल्या भागात घ्यावी?

ताई, गावाच्या कडेच्या नव्या ले-आउटमध्ये भाडं कमी असलं तरी घेऊ नका. ब्रह्मपुरी वनविभागाचा हा पट्टा, वाघाचा वावर खरा आहे. भरवस्तीत, घरमालक कुटुंबासह राहतो अशीच खोली बघा. संडास-बाथरूम आतच हवं. रात्री अंगणात जावं लागणं मला अजिबात पटत नाही.

खोली दिवसा बघून ठरवू नका. रात्री आठला ड्युटीवरून येण्याच्या रस्त्याने चालून बघा, खांबावरचे दिवे लागतात का ते कळेल. शेजारच्या बायांना विचारा, त्या खरं सांगतात.

धानाच्या बांध्या (भाताची शेतं) जवळ असतील तर खाली झोपू नका. मण्यार हा विषारी साप रात्रीच फिरतो, झोपेत चावलेला कळतही नाही. खाट आणि मच्छरदाणी पहिल्याच दिवशी घ्या. अडचणीत ११२ लावा.