विषय ठरवण्याआधी

इंदूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पर्यावरणीय आणि सामाजिक शाश्वतता या विषयात पीएच.डी. करण्याचा तुझा निश्चय समजला आणि सोबतचे टिपण मी दोनदा वाचले. इंदूरचा कचरा हा विषय चांगला आहे. मात्र मिथेन, सेंद्रिय कर्ब, वाहतुकीचे इंधन यांना तू चार प्रकरणे दिली आहेस आणि माणसे पाचव्या प्रकरणात एका प्रश्नावलीपुरती येऊन जातात, यावर माझा आक्षेप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातील शाश्वत विकासाची व्याख्या प्रत्येक प्रबंधात असते. पण गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वाधिक प्राधान्य द्यावे, हे त्याच व्याख्येचे पुढचे स्पष्टीकरण बहुतेकांकडून गळते.

आपल्या शहराने २०१७ पासून स्वच्छता सर्वेक्षणात सलग पहिला क्रमांक मिळवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. हे यश खरे आहे आणि त्याची टिंगल करण्याची जी फॅशन काही अभ्यासकांत दिसते ती मला आवडत नाही. पण जुन्या कचरा डेपोवर भंगार वेचून पोट भरणाऱ्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्या यशाच्या हिशेबातच मोडतो. सुका कचरा निवडण्याच्या पट्ट्याजवळ जाऊन उभी राहा. तिथे काम करणारी बाई दुधाची पिशवी चटकन बाजूला काढते, कारण तिला भाव आहे. बिस्किटाचे चकचकीत वेष्टन तसेच पुढे जाऊ देते, कारण अनेक थरांचे ते प्लास्टिक भंगारवाला घेत नाही आणि त्याची वाट बहुधा जळण म्हणून सिमेंटच्या भट्टीकडे असते. त्या वेष्टनाचे उष्मांक मोजणारी आणि त्या बाईची मजुरी विचारणारी संशोधक एकच असली पाहिजे, आणि दोन्ही उत्तरे एकाच प्रकरणात यायला हवीत.

कचऱ्याचा प्रश्न इंदुरात नवा नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी येथील शेती संशोधन संस्थेत कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. (हॉवर्ड सर्वांना ठाऊक असतात, वाडांचे नाव सहसा कोणी घेत नाही.) काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून ढीग ठरावीक काळाने उलथायचा, अशी ती पद्धत आहे, म्हणजे तेव्हाही सगळी भिस्त फावडे चालवणाऱ्या मजुरावरच होती. तुझ्या पहिल्या प्रकरणाला यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचत नाही.

क्षेत्रकार्याला घाई नको. ठेकेदाराचा माणूस शेजारी उभा असताना घेतलेली मुलाखत जवळजवळ निरुपयोगी असते. लोकांना त्यांच्या वस्तीत, काम संपल्यावर भेट, त्यांची मालवी बोली समजून घे आणि नोंदीत खरी नावे लिहू नकोस. कार्यालयात बसून अर्ज वाटणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होईल.

नियमांचे थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि अभ्यासक्रम (कोर्सवर्क) किमान बारा श्रेयांकांचा (क्रेडिटचा) असतो. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच संशोधक घेता येतात, म्हणून जागा रिकामी आहे का हे आधी विचार. मार्गदर्शक पर्यावरणशास्त्रातले मिळाले, तर समाजशास्त्रातले सहमार्गदर्शक माग. ही मागणी प्रवेशापूर्वीच करावी, नंतर विभाग सहजी मान्य करत नाहीत. ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध चाळून बघ. मुलाखतींचे उतारे किती आहेत आणि तक्ते किती, यावरून मार्गदर्शकाची खरी आवड कळते.

शिष्यवृत्ती मिळाली तर प्रश्नच नाही. न मिळाल्यास नोकरी सांभाळून अर्धवेळ नोंदणीची तरतूदही आहे, पण पट्ट्यावरच्या पाळ्या आणि तुझी कार्यालयीन वेळ जुळेल का, ते आत्ताच तपास.

नवे टिपण दोन पानांचे असू दे. त्यात एकच वस्ती, कचरा निवडण्याचे एकच केंद्र आणि एकच प्रश्न ठेव आणि महिनाअखेरीस पाठव. मी पेन्सिलीने खुणा करून परत देईन.

तुझा,
सर