लेकीचं लोन माफ होणार म्हणून घरात वाद होतोय

ताई, तुमचा न्यू जर्सीहून आलेला मेल दोनदा वाचला. तुमचे मिस्टर २००३ ला पुण्यातून एमएस करायला गेले ते सासऱ्यांचा कोथरूडचा फ्लॅट तारण ठेवून, आणि पोटाला चिमटा घेऊन सगळं लोन फेडलं. आता लेक तिकडच्या सरकारी शाळेत शिकवते, तिचं शिक्षणासाठी घेतलेलं सरकारी लोन दहा वर्षांनी माफ होणार, तर मिस्टर म्हणतायत की आपल्या घरात कुणी कर्ज बुडवलेलं नाही, मी ४०१के मधून, म्हणजे रिटायरमेंटच्या खात्यातून, पैसे काढतो आणि आजच फेडून मोकळं करतो.

आधी ते पैसे काढणं थांबवा. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढले की इन्कम टॅक्स तर लागतोच, वर साधारणपणे १० टक्के दंड.

आणि हे बुडवणं नाहीये हो. अमेरिकेच्या २००७ च्या कायद्यातच लिहिलंय, सरकारी किंवा ना-नफा संस्थेत फुल टाइम काम करा, पगाराप्रमाणे ठरलेले १२० हप्ते भरा, मग राहिलेलं माफ आणि त्यावर फेडरल टॅक्सही नाही. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेला मुलगा बॉण्डचं वर्ष खेड्यात काढतो आणि दंड भरत नाही, त्याला कुणी बुडव्या म्हणतं का? लेकीने फक्त दरवर्षी शाळेकडून नोकरीचा फॉर्म भरून घ्यावा आणि आपला हप्त्याचा प्लॅन यात धरला जातो ना ते बघत राहावं, कारण सुरुवातीच्या वर्षांत आलेले बहुतेक अर्ज नाकारले गेले होते, आणि सेव्ह नावाचा प्लॅन तर कोर्टातच अडकला.

मिस्टरांचा खरा राग मला वाटतं २०२२ च्या घोषणेवर आहे. बायडन यांनी १० हजार डॉलर, पेल ग्रँटवाल्यांना (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना मिळणारी सरकारी मदत) २० हजार, असं शिक्षणाचं लोन माफ करायचं ठरवलं आणि ३० जून २०२३ ला तिकडच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ते रद्द केलं. मग मी फेडलं त्याचं काय, हा त्यांचा प्रश्न मला पटतो. आपल्याकडे २०१९ ला शेतकऱ्यांचं २ लाखांपर्यंतचं कर्ज माफ झालं तेव्हा वेळेवर फेडणारेही हेच विचारत होते, आणि शेवटी त्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन द्यावं लागलं ना. पण तो राग लेकीवर काढू नका, ती तर १२० हप्ते भरतेच आहे.

मला काळजी तुमच्या भाच्याची वाटते. तो इथे पुण्यात बसून म्हणतोय की अमेरिकेत लोन माफ होतं, घेऊन टाकू ४० लाख. स्टुडंट व्हिसावर गेलेल्याला तिकडचं सरकारी लोन मिळतच नाही, त्यामुळे माफीचा प्रश्नच येत नाही. त्याचं लोन इथल्या बँकेचं, सोबत कर्जदार म्हणून तुमच्या भावाची सही, हप्ता चुकला तर सिबिल दोघांचा खराब आणि घरावर बोजा.

माझं लोन नील झालं त्या दिवशी बाबांबरोबर कर्वे रोडवरच्या बँकेत गेले होते. फ्लॅटचं ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट हातात आल्यावर बाबा तिथेच खुर्चीवर बसून थुंकी लावून एकेक पान मोजत होते, इंडेक्स टू आहे का ते बघितलं, मग साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत फाइल घातली आणि घरी येईपर्यंत ती रिक्षात मांडीवर घट्ट धरून बसले. सहा वर्षं त्या फाइलबद्दल चकार शब्द काढला नव्हता त्यांनी. मला तोपर्यंत कळलंच नव्हतं की ते रोज तिचा विचार करत होते.

म्हणून भाच्याने सही करायच्या आधी मिस्टरांनाच व्हिडिओ कॉलवर बसवा. हप्ता किती बसेल, शिकत असताना निदान व्याज तरी भरता येईल का, भावाला जुन्या टॅक्स पद्धतीत लोनच्या व्याजावर सूट मिळेल का, नोकरी सहा महिने उशिरा लागली तर हप्ता कोण भरणार, हे सगळं त्यांनी वहीत लिहून भाच्याला दाखवावं. यातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं तुमच्या घरात दुसऱ्या कुणाला कळत नाही.